माडावरचा कारोतू

कारोतूचं गाणं मध्येच थांबलं आणि रोतियाच्या हातातला मासा तसाच अर्धवट साफ केलेला राहिला.

माडावर चढलेल्या माणसानं गात राहायचं, ही नोनौती बेटाची रीत. वर कुणी आहे हे खाली आंघोळ करणाऱ्या बायकांना कळावं, म्हणून. रोतियाला त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. गाणं चालू आहे म्हणजे आपला म्हातारा धड आहे, एवढंच ती धरून चालायची.

"काय गं, कोण दिसली तुझ्या म्हाताऱ्याला?" शेजारची ताबेता खिदळली.

"तूच दिसली असशील, म्हणून वाचा बसली," रोतिया म्हणाली खरी, पण मासा टाकून ती उठलीसुद्धा.

दोन्ही मुलगे परक्यांच्या जहाजांवर राबायला गेलेले. तांदूळ घेऊन येणारं जहाज तारावा बेटाहून आज निघतंय, उद्या निघतंय. सकाळी नातवंडांच्या पोटात पडायची ती कारोतूनं उतरवलेली, न आंबलेली गोड माडीच. 'आता चढू नकोस' म्हणायची सोय नव्हती. ती धावत सुटली. इकडे समुद्र, तिकडे खाडी, मध्ये चिंचोळी जमीन. माड काही लांब नव्हता, तरी तिला धाप लागली.

कारोतू शेंड्याखाली खोडाला मिठी मारून बसला होता.

"अरे, उतर की!"

"हळू बोल." त्यानं खोड आणखी घट्ट धरलं. "डावा पाय बधिर झालाय. खोडाची खाच पायाला लागत नाहीये."

"थांब, कुणाला तरी हाक मारते."

"नको! गावभर होईल. मग सभाघरात मला कोण विचारणार?"

जीव टांगणीला लागलाय आणि ऐट बघा! त्याला चार शिव्या हासडाव्यात असं रोतियाला वाटलं. पण तिनं कमरेचं कापड वर खोचलं. बायकांनी माड चढू नये म्हणतात. म्हणोत बापडे.

वर पोचून तिनं त्याचा पाय धरला आणि खाचेत बसवला. मग खालच्या खाचेत. वारा सुटला की दोघंही श्वास रोखून थांबत. एकदा त्याचा सगळा भार तिच्या मनगटावर आला आणि आता दोघंही संपलो, असं तिला वाटलं. भीतीनं तिला रडू फुटलं, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

एकदाची पायाला वाळू लागली. ताबेता आणि आणखी दोघी-तिघी येऊन उभ्या होत्या.

"सोड आता," कारोतू पुटपुटला. "बघताहेत सगळ्या."

"बघू देत."

सोडायचं म्हटलं तरी तिची बोटं उघडेनात. वाळूत बसून ती त्याचा घोटा घट्ट आवळून राहिली, आणि त्या पायाला त्यातलं काहीच कळत नव्हतं.