तेजनाथाचं सात मिनिटांचं तेज

"सरका, सरका! डोळे झाका! तेज येऊन राह्यलं!"

एकोणीसशे एकसष्ट सालचा पौष. दिवस बुडून तास होत आला होता आणि पांढरखेडच्या मठासमोर आठशे माणूस एकमेकांच्या पायांवर पाय देऊन उभं होतं. मधोमध मोटारमालक पंजाबरावांची नेर-यवतमाळ सवारी मोटार. तिचे दोन दिवे म्हणजे डोळे आलेली म्हातारी; पुढचा दगड दिसायचा तो ठेच लागल्यावर. मोटारीच्या तोंडावर भगवं कापड सोडलेलं होतं आणि कापडाआड महाराजांचा चेला लिंबू, भस्म घेऊन शिरला होता.

बाहेर तेजनाथ महाराज चिमटा वाजवत होते. "तेज तेज महातेज! भैरव की आँख, चंडी की राख! खुल जा पट, अंधेरे हट! कापूर लावा, बच्चो. बाईमाणसं मागं. ज्यांनी देव सोडले ते सडकेच्या पलीकडं. हां!"

चेला बाहेर आला, कापड उडालं, ड्रायव्हर उकंडानं खटका दाबला, आणि पांढरंफेक दिवसासारखं ऊन पिंपळाच्या शेंड्यापर्यंत चढलं. पिंपळावरचे कावळे उठून ओरडायला लागले. माणसांनी हात जोडले.

मी जोडले नाहीत, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मीही जोडले.

मी तिथून अर्ध्या मैलावरच्या जंगलखात्याच्या नाक्यावर मुनशी होतो. चोरटं सागवान जाऊ नये म्हणून येणारी-जाणारी प्रत्येक गाडी थांबवायची, तिचा नंबर, वेळ, माल वहीत लिहायचा आणि शेवटच्या रकान्यात शेरा मारायचा. पंधरा वर्षं हे काम केलं की माणसांच्याही नोंदी आपोआप व्हायला लागतात. कोण येताना ताठ आणि जाताना वाकलेला, कोण रिकाम्या हातानं आला आणि काय घेऊन गेला. महाराज आले तेव्हा त्यांच्याकडं एक झोळी, एक चिमटा आणि एक लोखंडी पेटी होती. झोळी, चिमटा सगळ्यांना दिसायचा. पेटी माझ्या नोंदीत होती.

महाराजांची शिकवण दोन वाक्यांची. एक : ज्याच्या मनात पाप नाही, त्याचे डोळे या तेजानं दिपत नाहीत. दोन : तेज विझलं तर मोटारीत कुणीतरी विटाळ बसला होता. तेज तर दर खेपेला विझायचंच. मोटार नाक्यावरून जाताना सूर्य, आणि यवतमाळहून परत येताना आंधळी! मग उकंडा दोन मेलेले दिवे कापडात बांधून मठात 'विसर्जना'ला द्यायचा आणि महाराज विचारायचे, "कौन बैठा था?" दोन-तीनदा अशी चौकशी झाल्यावर छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या वस्तीतल्या माणसांना पंजाबरावांनी मोटारीत घेणं बंद केलं. बाळंतिणीलासुद्धा.

त्या शनिवारी मोटार नाक्यावरून सात वाजून दहा मिनिटांनी गेली. मी शेरा मारला : 'दिवे अति तेजस्वी.' अक्षर सुबक काढलं होतं, ते आजही आठवतं.

सव्वासातला ओरडा ऐकू आला.

नाक्यापुढं मैलभरावर पिंपळमोरी आहे. नाल्यावरची अरुंद मोरी, तिला कठडा नाही. जामतांड्याच्या सहा बंड्या कापूस भरून त्या बाजूनं नेरच्या बाजाराला येत होत्या. तांड्याची जुनी रीत अशी की रात्रीच्या वाटेला पुढच्या बंडीवरचा माणूस तेवढा जागा राहायचा. मागचे सगळे कापसावर झोपायचे. त्यांचे बैल पुढच्या बंडीच्या मागं आपोआप चालतात. त्या दिवशी पुढच्या बंडीवर नेमसिंग होता. समोरून तेज आलं. नेमसिंगचे आणि त्याच्या बैलांचे डोळे एकदमच गेले. बंडी मोरीवरून खाली गेली आणि नेमसिंग तिच्याखाली. मागची बंडी तांड्याचा प्रमुख हिरासिंग नायकाची. तिचे बैल मोरीच्या तोंडाशी थबकले, म्हणून पाच जीव वाचले.

महाराज दुसऱ्या दिवशी तांड्यावर गेले. "पाचों को छोड़ा, एक को लिया. देवी के तेज को पाप दिखता है."

हिरासिंगनं मान डोलावली. आपण वाचलो ते पुण्यानं, हे ऐकायला कुणाला नको असतं? तांड्यानं ठरवलं की पाप्याच्या घरची बंडी आता रांगेत नको.

नेमसिंगची बायको सुखीबाई. ती रडली की नाही मला ठाऊक नाही. माझ्यासमोर कधी रडली नाही. तेराव्यानंतर रोज दिवस बुडायच्या सुमाराला ती नाक्यासमोरच्या मैलाच्या दगडावर येऊन बसायची. मांडीवर नवऱ्याचा फुटका कंदील. एकदा मी म्हटलं, "बाई, इथं बसून काय मिळते?"

"मुनशीजी, तुमी गाड्या लिहून राह्यले ना? मी बी लिहून राह्यली. फक्त मले वही नाई."

"आणि लिहून करशील काय?"

"माह्या माणसाले पापी म्हनलं त्यानं. बारा वरसं पुढच्या बंडीवर बसला, एक दिवस डुलकी नाई घेतली. त्या बुवाले मी त्याच उजेडात बसवीन. मग रडीन. आत्ता टाइम नाई."

महिनाभरानं नाक्यावर धर्मपाल आला. बौद्ध वस्तीतला पोरगा. फौजेत मोटारींच्या कारखान्यात आठ वर्षं काढून घरी परतलेला. पंजाबरावांच्या मोटारीत त्यालाही जागा नाही, म्हणून हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून यवतमाळला पायी निघाला होता. पाणी प्यायला थांबला आणि माझ्या टेबलावर कागद दाबायला ठेवलेली वस्तू त्यानं उचलली.

"मुनशीजी, हे कुठून आनलं?"

"उकंड्याच्या गाठोड्यातून पडला होता. महाराजांचा मेलेला दिवा."

काच आतून काळी पडली होती. धर्मपालनं पितळेची टोपी पँटला घासली, उजेडात धरली आणि मोठ्यानं हसला. बाहेर दगडावरून सुखीबाई उठून आत आली.

"हसता काहून, भाऊ?"

"बाई, इथं आकडा हाये, पाहा. सहा. हा लढाईतल्या जुन्या जीपचा बल्ब. सहा व्होल्टचा. पंजाबरावाच्या मोटारीची बॅटरी बाराची. टोपी दोन्हीची सारखी, म्हनून बसते. सहाच्या पोटात बाराचं कोंबलं की तार पांढरी होतपर्यंत पेटते, दहापट उजेड फेकते, अन् थोड्याच वेळात जळून जाते. फौजेत असा बल्ब लावला असता तर आमच्या उस्तादानं कान उपटले असते."

"म्हंजे तेज..."

"भंगारातलं. मेलेले बल्ब परत कायले मागते तो? हा आकडा कोनाले दिसू नये म्हनून!"

मी वही उघडली. चौदा वेळा मोटार मठातून उजळून निघाली होती आणि चौदा वेळा आंधळी परत आली होती. त्यातल्या नऊ वेळा मोटारीत वस्तीतलं एकही माणूस नव्हतं. त्यांना बंदी झाल्यानंतरच्या त्या खेपा. विटाळ नाही तरी दिवे मेलेच होते. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं, आणि मी ते कधी बेरीज करून पाहिलं नव्हतं.

सुखीबाईनं तो काळा बल्ब पदरात बांधला. "शनिवारी," ती म्हणाली. एवढंच.

शनिवारी पुन्हा तीच गर्दी. कापड सोडायची वेळ झाली तेव्हा मी पुढं झालो, हातात नाक्याची लाख आणि सरकारी शिक्का.

"पंजाबराव, एक अर्ज आहे. हे तेज खरं आहे असं सरकारदप्तरी एकदा लिहून जाऊ द्या. तुमच्या मोटारीचं नाव होईल."

नाव होणार म्हटल्यावर पंजाबराव फुलले. "लिवा ना बापा! काय करा लागते?"

"फार काही नाही. या धर्मपालनं यवतमाळहून दोन नवे बल्ब आणलेत, मोटारीच्याच मापाचे, बाराचे. ते सगळ्यांसमोर बसवायचे आणि दिव्याच्या कड्यावर मी लाखेचा शिक्का मारायचा. मंत्र तर बाहेरूनच म्हणायचाय. तेज काय, काचेतूनही शिरेल."

महाराजांच्या चिमट्याचा ताल चुकला. "लाख अपवित्र होती है, बच्चा!"

"महाराज," गर्दीतून कुणीतरी बोललं, "मागच्या खेपेले तुमीच म्हनलं, तेज सात भिताडांतून जाते. मंग लाखेनं काय घोडं मारलं?"

हसू फुटलं. गर्दीतलं हसू म्हणजे पातेल्याला पडलेलं पहिलं भोक. महाराजांना ते कळलं. नाइलाजानं मंत्र म्हणावा लागला. त्या दिवशी भैरवाची आँख आणि चंडीची राख तीन-तीनदा आली. चेला कापडाआड जाऊन तसाच बाहेर आला. उकंडानं खटका दाबला. सडकेवर चांगला, नेमका, पिवळसर उजेड पडला. कावळे उठले नाहीत.

"अविश्वासी बैठा है यहाँ!" महाराज गरजले.

"बसला नाई, उभा हाये," धर्मपाल म्हणाला. तेवढ्यात सुखीबाईनं चेल्याच्या काखेतली लोखंडी पेटी ओढली. ती सडकेवर आपटून उघडली. भुश्शात नीट मांडून ठेवलेले बल्ब. तिनं पदरातला काळा बल्ब सोडला आणि एक-एक टोपी पंजाबरावांच्या नाकासमोर धरली. "वाचा, मालक. माह्या नवऱ्याचं पाप वाचा. सहा. सहा. हे बी सहा."

लाख फोडून धर्मपालनं पेटीतले दोन बल्ब बसवले. मंत्र नाही, कापूर नाही, नाकावर घसरलेला चष्मा तेवढा. खटका. पिंपळ पांढरा झाला, कावळे उठले. या वेळी कुणी हात जोडले नाहीत.

मग सुखीबाई बोलली. आवाज चढवला नाही.

"महाराज, तुमी म्हनलं, ज्याच्या मनात पाप नाई त्याचे डोळे दिपत नाई. मोटारीसमोर माही बंडी उभी हाये. बैल सोडलेले हाये, भ्या नको. पुढं बसा. अन् सांगा, दिव्यामागं मी किती बोटं दाखवून राह्यली."

महाराजांनी मठाच्या दाराकडं पाहिलं. दारात हिरासिंग नायक उभा होता, हात बांधून. त्याचा चेहरा मी वाचला. महिनाभर जे पुण्य म्हणून मिरवलं ते नुसतं बैलांचं थबकणं होतं, हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. आणि ज्याला असं कळतं तो माणूस वाट देत नाही.

"बसा ना, महाराज," हिरासिंग म्हणाला. "तुमाले कायचं पाप?"

बसले. डोळ्यांवर हात धरला.

"हात खाली!" आठशे जणांनी सांगितलं.

"किती बोटं?" सुखीबाई.

"चार... पाँच."

"मी हात वरच नाई केला. आता सांगा, मठाची पायरी कोनीकडं? उतरून जा. सोडते तुमाले."

महाराज उतरले. दोन्ही हात पुढं, चाचपडत. पायरी डावीकडं होती. ते उजवीकडं गेले, सडकेच्या कडेच्या पाटात, मठातल्याच म्हशींच्या शेणामुताच्या रेंद्यात कमरेपर्यंत. कुणी हात दिला नाही. मीही नाही. सूड वाईट असतो म्हणतात; असेल. त्या संध्याकाळी मला तो फार गोड लागला, आणि हे मी वहीत लिहितो तसंच सरळ लिहितो आहे.

सुखीबाई पाटाच्या काठावर उभी राहून दिव्यांकडं पाहत राहिली. मी घड्याळ धरलं होतं. डावा दिवा सातव्या मिनिटाला निळसर झाला आणि टच आवाज करून गेला. पाठोपाठ उजवा. अंधार.

अंधारात तिचा आवाज आला. "आता कोन विटाळ बसला होता, महाराज? मोटार तर रिकामी हाये."

मग ती रडली. 'ये याडी, ये याडी' अशी आईला हाक मारत, नवऱ्याचं नाव घेत, सगळ्या गावासमोर.

पुढचं थोडं आहे. पेटी आणि महाराज फौजदारांच्या ताब्यात गेले. यवतमाळहून मोटार इन्स्पेक्टर आले, मोटारीचा परवाना महिनाभर अडकला. उकंडानं तांड्यावर जाऊन सुखीबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. तिनं पाय मागं घेतले. पंजाबरावांनी धर्मपालकडून रीतसर दिवे करून घेतले. दिव्याच्या आतल्या आरशाला कल्हई, जाड तारा, बाराचे बल्ब. धर्मपालनं मोटार नाक्याच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर उभी करून दिव्यांच्या उंचीखाली चुन्याची रेघ ओढली. उजेड रेघेच्या वर गेला की मोटार पुढं सोडायची नाही. रेघेवरचा उजेड मोटारीचा उरत नाही, समोरच्याच्या डोळ्यांत जातो. नियम एवढाच आहे, आणि कायद्याच्या आधी तो शेजारधर्म आहे. काम झाल्यावर धर्मपाल हत्यारं न आवरता सरळ पुढच्या बाकावर जाऊन बसला. पंजाबरावांनी त्याला उठवलं नाही.

मी ती जुनी नोंद काढली. 'दिवे अति तेजस्वी' खाली लाल शाईनं लिहिलं : 'डोळे दिपवणारे. थांबवायला हवी होती. मुनशीची चूक.'

वाचकहो, चमत्कार पाहिला की हात जोडायच्या आधी दोन गोष्टी विचारा. कापडाआड काय चाललंय? आणि हा उजेड कुणाच्या डोळ्यांत जातोय? जो देव कापड काढू देत नाही, त्याच्या चेल्याची पेटी उघडा. सहाचा आकडा लहान असतो, पण वाचता येतो.

फाल्गुनातल्या एका संध्याकाळी तांड्याच्या सहा बंड्या पिंपळमोरीवरून नाक्याकडं आल्या. मागच्या पाचांवर माणसं कापसात गाढ झोपली होती, हिरासिंगसुद्धा. पुढच्या बंडीवर सुखीबाई जागी होती. नाक्यावरून निघालेल्या पंजाबरावांच्या मोटारीनं दिवे खाली घेतले, कडेला थांबली, आणि सहाही बंड्या जाईपर्यंत थांबून राहिली.