हिवरखेडची शिशी
स्टोव्हवरच्या पातेल्याचं झाकण खडखडलं, तशी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली ललिता दचकली. उकळत्या सुया तशाच राहू देऊन तिनं पुन्हा डोळा लावला. काचेवर बीजं होती, हजारोंनी होती. पण एकही हलत नव्हतं.

अकोल्यातल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यामागची ही खोली, आणि ललिताचं इथलं हे चौथं वर्ष. मूल होत नाही म्हणून बायका बाहेरच्या बाकावर येऊन बसत. त्यांच्या नवऱ्यांचं बीज तपासायचं काम तिचं. शिशी द्यायला पुरुष सहसा तयारच होत नसत. हिवरखेडच्या सूर्यभाननं दिली, तीही डॉक्टरीणबाईंनी दमात घेतल्यावर, बायकोच्या हाती.

'सगळी मृत' एवढं लिहिलं की ती बायको, वच्छला, सुटत होती. लग्नाला नऊ वर्षं झालेली. सासू केशरबाई परवा इथंच बोलून गेली होती, "हिच्यातच खोट हाय. रिपोट येऊ द्या, बाळापूरची पोरगी पाहून ठेवली म्या."

"आता कायद्यानं दुसरी करता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"कायदा तुमच्या शहरातला, बाई. हिवरखेडात कोन पाहाले येते?"

ललितानं टाक उचलला. सवयीनं शिशी नाकाशी नेली, आणि टाक खाली ठेवला. वास भलताच होता. तिनं वच्छलाला आत बोलावलं. दाराशी ललिताची साडेपाच वर्षांची लेक शालू पाटीवर बदकं काढत बसली होती. ती पाय आखडून सरकली.

"वच्छलाबाई, शिशी मी उकळून, वाळवून देल्ली होती. कोनी धुतली का?"

"आत्याबाईनं, माह्या सासूनं. राखेनं घासली, मंग गोमूत्र टाकून हालवली. तशीच देल्ली."

"कावून? कायले धुतली?"

वच्छलाची मान खाली गेली. "तुमचं आडनाव इचारून आल्या त्या. तुमच्या हातची शिशी म्हून..."

ललिताची कानशिलं तापली. शालू पोटात असताना ती नागपूरला धम्मदीक्षा घेऊन आली होती. हे सगळं तिथं टाकून आलो, असं तिला किती दिवस वाटलं होतं! म्हातारीनं गोमूत्र घालून बीजं आपल्याच हातानं मारलीत ना, मग तसंच लिहावं. कोण विचारणार आहे?

पण तसं लिहिलं की डॉक्टरीणबाई वच्छलाचा इलाज थांबवणार. नवऱ्यातच काही नाही, तर हिला कशाला औषधं? नऊ वर्षं ज्याची वाट पाहिली ते मूल त्या दोन शब्दांनी कायमचं पुसलं जाणार.

"दुसरी शिशी देतो. हिले कोनी हात नाही लावाचा."

वच्छला हलली नाही. तिला सगळं उमगलं होतं. "इचारलंच कायले तुमी, बाई? लिवून टाका ना, मेलेच हायेत म्हून. तुमचं काय जाते?"

"इलाज बंद होईल तुमचा. लेकरू नाही होनार."

"सवत तं नाही येनार."

ललितानं नवी शिशी पुढे केली. बऱ्याच वेळानं वच्छलानं ती घेतली.

दुसऱ्या दिवशी दहालाच शिशी आली. ललितानं डोळा लावला. काच नुसती वळवळत होती. एरवी असं दिसलं की तिला शालूची पोटातली पहिली ढुशी आठवायची, उगाच हसू फुटायचं. आज तिनं काच बदलून पुन्हा पाहिलं. मग लिहिलं: नवऱ्याच्या बीजात दोष नाही. डॉक्टरीणबाईंनी सही केली, बायकोवर वर्षभर इलाज करायचा म्हणून खाली खरडलं.

केशरबाईनं तेवढी पहिली ओळ डॉक्टरीणबाईंकडून दोनदा वाचून घेतली, आणि तुरूतुरू टांगा पाहायला गेली. "आटप वो, गाडी चुकन बाळापूरची!"

वच्छला बाकावरच बसून राहिली. तोंडात पदराचा बोळा, आणि खांदे तेवढे हलत होते. ललिता दाराच्या आत उभी होती. पाऊल उंबऱ्यापलीकडे पडत नव्हतं.

शालूनं पाटी बाजूला ठेवली, बाकाकडे बघितलं, मग आईच्या लुगड्याला झोंबली.

"आई, तू तं खरं खरं लिवलं ना?"

"हो, बेटा."

"मंग ते मावशी कावून रडून राह्यली?"