आठवा खांदा

"आता उचल," बोंगू म्हणाला.

"उचललंय," मान्शिक म्हणाला.

डंबेल जमिनीवरच होतं. वर गेल्या होत्या त्या फक्त मान्शिकच्या भुवया.

हा प्यो मान्शिक तालुक्याच्या बसस्थानकात तिकीटखिडकीमागे बसून निवृत्त झाला. एवढ्या वर्षांत गावाला त्याचा फक्त उजवा हात ओळखीचा. निवृत्त होऊन तो अख्खाच्या अख्खा रस्त्यावर आला, तेव्हा बायकोनंही त्याला "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं, असं मी सांगत असतो. ती नाही म्हणते. त्याचं मनगट इतकं बारीक की घड्याळ तो दंडाला बांधायचा. हेही ती नाही म्हणते. तिला कुठलीच चांगली गोष्ट पूर्ण होऊ द्यायची नसते.

सत्तरी ओलांडलेल्या असल्या माणसानं डंबेल मागवायला कारण घडलं होतं. मयताला खांदा द्यायचं आमच्या गावात एक मंडळ आहे. आमची तिरडी म्हणजे कागदी फुलांनी मढवलेली पालखीच. तिला आठ खांदे लागतात, आणि थडगी ज्या टेकडीवर आहेत ती इतकी उभी की गाडी चढत नाही. मी पुढे घंटा वाजवत गातो, म्हणून मला खांद्याची सूट. मान्शिकलाही सूट होती. तो दारूचा बुधला धरायचा. तरुण माणसं सगळी राजधानीत, सोल शहरात गेलेली. आठ खांदेकरी कसेबसे टिकून होते, आणि त्यातला आठवा खांदा, ताक आडनावाच्या बोंगूचा, त्या वसंतात आजारी पडला. पोटातलं दुखणं सगळीकडे पसरलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं.

बोंगू म्हणजे भाताच्या गिरणीवाला. दोन बगलांत दोन पोती मारून तो लग्नात नाचायचा. एकदा नांगरणीत बैल दमला, तर यानं बैलच खांद्यावर टाकून घरी आणला. यातलं नांगरणीचं तरी नक्की खरं आहे.

मंडळाच्या खोलीत, खालून तापवलेल्या जमिनीवर मांड्या घालून आम्ही बसलो होतो. कुणीतरी म्हणालं, "एक कोपरा रिकामा ठेवून तिरडी चढायची नाही."

"मग जाळा मला शहरात आणि राख ठेवा भिंतीतल्या खणात," बोंगू म्हणाला. "आईबाप टेकडीवर, मी टपालपेटीत!" तो हसला, पण त्याचा सोजू दारूचा पेला भरलेलाच राहिला.

कोपऱ्यातून मान्शिक बोलला, "मी देतो खांदा."

आम्ही सगळे फिदीफिदी हसलो.

"लेका," बोंगू म्हणाला, "माझा एक पाय तुझ्यापेक्षा जड भरेल."

"मग एक पाय मला दे. बाकीचा यांच्यात वाट."

टीव्हीवरच्या जाहिरातीत बघून त्यानं डंबेलची जोडी मागवली. खोक्यानं टपाल्याच्या स्कूटरचं पुढचं चाक हवेत उचललं होतं, आणि टपाल्या मागच्या चाकावर गावात शिरला. मान्शिकनं वजनाच्या सगळ्या चकत्या चढवून पहिल्याच सकाळी बोंगूसमोर तासभर झटापट केली. दुसऱ्या दिवशी त्याला चॉपस्टिक धरवेनात. बायको ओक्बुन चमच्यानं पेज भरवत होती आणि बोंगू दारात उभा राहून पोट धरून हसत होता. दुखत असूनही हसत होता.

मग तो आत आला, पाना मागितला आणि दोन्ही डंबेलच्या झाडून सगळ्या चकत्या काढल्या. राहिले नुसते दोन दांडे.

"हे उचल."

"हे तर ओक्बुनपण उचलेल."

"वहिनींना खांदा द्यायचा नाहीये. हसत हसत उचलता येईल तेवढ्यानंच सुरुवात करायची. चकत्या माझ्याकडे. लायक झालास की एकेक देईन."

चकत्या त्यानं आपल्या घोंगडीखाली ठेवल्या आणि वर बसला. रोज सकाळी तो मान्शिकच्या ओसरीवर यायचा, तेव्हा त्या पिशवीत घालून बरोबर आणायचा. जणू मागे राहिल्या तर कुणी खाऊन टाकील.

"पाठीनं नाही रे, मांड्यांनी! पाठीनं पोतं उचलणारा हमाल दोन वर्षांत विळ्यासारखा वाकतो. श्वास कुठं गेला? वर येताना सोड. हां. बास. उद्या सुट्टी."

"मी दमलो नाहीये."

"स्नायू झोपेत वाढतो."

"कुणी सांगितलं?"

"फोनमध्ये एक पोरगी सांगते. तिचे दंड माझ्याहून मोठेत, तिचं ऐकायचं."

डंबेल छातीशी धरून मान्शिक बुटक्या स्टुलावर बसायचा आणि उठायचा. उन्हाळ्यापर्यंत त्याच्या सदऱ्याच्या बाह्यांत काहीतरी राहायला आलं. बोंगूची बायको नवऱ्यासाठी अंडी उकडायची, टोफू परतायची. बोंगूला वासही सोसायचा नाही, मग ताटली मुकाट्यानं मान्शिकपुढे सरकायची. गावात बोलणं सुरू झालं की बोंगूचे किलो रोज सकाळी ओसरी ओलांडून मान्शिकच्या अंगात जातात. ते बोलणं मीच सुरू केलं होतं. पण पुढं पुढं मला ते सांगताना मजा येईना.

भादव्यातल्या कापणीच्या सणाआधी एका सकाळी बोंगू म्हणाला, "चल, आज चकती मिळवलीस." त्यानं पिशवीत हात घातला. चकती काठापर्यंत आली आणि परत आत गेली. त्यानं दोन्ही हात घातले. आम्ही कुंपणाबाहेरच्या पर्सिमनच्या झाडाकडे बघत बसलो. शेवटी त्यानं पिशवी पायानं पुढे ढकलली.

"काढून घे तूच. गुरूनं काय काय करायचं?"

त्यानंतर तो ओसरीवर आला नाही. डंबेलच बोंगूच्या खोलीत गेली. त्याच्या बायकोची कंबर धरलेली. त्याला संडासापर्यंत न्यायचं, दुपारी उन्हात आणायचं, ते काम मान्शिककडे आलं. पहिल्यांदा त्यानं त्याला उचललं तेव्हा मी उंबऱ्यावर होतो. मान्शिकनं एक हात पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली, मांड्या रोवल्या आणि उठला. इतक्या झटकन उठला की तोल जाऊन एक पाऊल मागे आला.

"जड आहे का रे?" बोंगूनं विचारलं.

मान्शिकनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग तो असा कण्हला की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"मेलो! अरे माणूस आहेस का गिरणी? दादा, दार धरा, दोघं पडतो!"

"मांड्या!" बोंगू त्याच्या हातांतून ओरडला. चेहरा फुलला होता. "मांड्यांनी, लेका! श्वास सोड! सांगितलं होतं ना, माझा एक पाय म्हणजे..."

त्याला उन्हात ठेवून मान्शिक बाहेर आला आणि माझ्या शेजारी बसला.

"दादा," तो म्हणाला, "हातात काही आलंच नाही हो."

तरी रोज तो तसाच कण्हत राहिला. आणि डंबेलही उचलत राहिला, बोंगूला दिसेल असा, सगळ्या चकत्या लावून. टेकडीवरची तिरडी एकट्या बोंगूच्या वजनाची नसते. लाकूड असतं, शवपेटी असते, चढ असतो. थंडी पडता पडता मंडळानं मान्शिकला रिकाम्या तिरडीखाली उभं करून पाहिलं. आठव्या खांद्यावरचा दांडा जराही कलला नाही. ते ऐकून बोंगूनं डोळे मिटले आणि बऱ्याच दिवसांनी दुपारभर झोपला.

पुढे श्वास लागला म्हणून मुलगा येऊन त्याला शहरातल्या इस्पितळात घेऊन गेला. तिथेच संपलं. आम्ही पहाटेच्या बसनं गेलो, आठही खांदेकरी आणि मी. मुलाचे डोळे सुजले होते. त्यानं आम्हाला वाकून नमस्कार केला आणि वाकलेलाच बोलला, "काका, बाबांची इच्छा मला माहीत आहे. पण टेकडीवरच्या थडग्याचं गवत दरवर्षी कोण कापणार? मी इतका लांब. आईची कंबर तशी. दहनाचं ठरवलंय. आईही हो म्हणाली."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दरवर्षी म्हणजे किती वर्षं, ते आमच्यातल्या कुणाला सांगता येणार होतं? कुणी भांडलं नाही.

"मग दारापासून गाडीपर्यंत तरी आम्ही नेतो," मान्शिक म्हणाला.

"जरूर, काका."

तिथल्या माणसानं आम्हाला एकेक जोड पांढरे हातमोजे दिले. शवपेटी चाकांच्या गाड्यावर होती. "आजोबा, फक्त हात ठेवा," तो अदबीनं म्हणाला. "उचलायचं नाही. कुणाची पाठ धरली तर आमच्यावर येतं."

मान्शिक मागच्या डाव्या कोपऱ्याला उभा राहिला. त्यानं पाय रुंद केले, मांड्या रोवल्या, हात कडीखाली घातले आणि श्वास भरून घेतला. तेवढ्यात गाडा निघाला. कडी हातांतून निसटली. चाकं गुळगुळीत फरशीवरून आवाज न करता गेली आणि बाकीचे सात जण बोटं टेकवून बरोबर चालत राहिले. मान्शिक तिथेच राहिला, अर्धा वाकलेला, हात पुढे. मग तो सावकाश, पाठ सरळ ठेवून उठला. श्वास सोडला. आणि चालायला लागला.

संध्याकाळी घरी आल्यावर ओक्बुननं त्याच्या कोटाच्या खिशातून हातमोजे काढले आणि धुवायला घेतले. दिव्याखाली उलटसुलट करून पाहिले. एक डाग नव्हता. तिनं ते न भिजवताच दोरीवर घातले.