पाण्यात उतरलेले घोडे

दीपमाला परतूरच्या कॉलेजात भूगोल शिकवायची. राहायला वाटूरला. हॉस्टेलात असताना तिला ‘सरहद’ या गेमचा नाद लागला तो लागलाच. पाळीपाळीनं खेळायचा लढाईचा गेम. आपली चाल करायची अन् गप बसून समोरच्याची बघायची. नकाशावर नद्या, डोंगर, पूल. त्यामुळं तिला तो आपल्याच विषयाचा वाटे.

जालन्यात साहेबरावांच्या कॉम्प्युटर क्लासच्या हॉलमध्ये स्पर्धा होती. पंचही साहेबरावच. सकाळीच त्यांनी माईकवरून बजावलं होतं, की लाईट गेली अन् डाव मागं आला, तर ज्यानं जी चाल केली तीच त्यानं परत करायची.

फायनलला तिच्यासमोर तीर्थपुरीचा कल्याण आला. पोरगा चांगला खेळायचा, पण उतावळा. तिचा गड नदीपलीकडं होता. पुलाचा वळसा नको म्हणून त्यानं घोडदळ सरळ पाण्यात घातलं. या गेमात नदीत उतरलेल्या दळाची चाल तिथंच संपते, अन् पाण्यात असेपर्यंत त्याची ताकद निम्मी होते. दीपमालानं तिरंदाज काठावर याच आशेनं लपवले होते. ते दिसले तसा कल्याणनं कपाळाला हात लावला. मागं बघणारे हसले. आता तिची पाळी.

तिनं माऊसला हात लावला अन् लाईट गेली.

लाईट आली तेव्हा डाव एक पाळी मागं गेला होता. घोडे पुन्हा कोरड्यावर. अन् कल्याणनं ते सावकाश पुलाकडं वळवले.

दीपमालानं हात वर केला. त्यानं पाण्याचीच चाल करायला पाहिजे, तुम्हीच सकाळी सांगितलं, असं ती शांतपणे म्हणाली. साहेबराव म्हणाले, स्क्रीनवर आता काही दिसत नाही, पुरावा कुठं आहे? तिनं मागं वळून पाहिलं. मघाशी हसलेली माणसं आता मोबाईल बघत होती.

“मॅडम, गेम हे. तुमा लोकांचं मात्र जिथं तिथं नियम अन् कायदा,” साहेबराव म्हणाले.

“तुमी लोक म्हंजी कोण, सर?”

साहेबराव क्षणभर अडखळले. “म्हंजी मास्तर लोक.”

हॉलमध्ये खसखस पिकली. दीपमालाची कानशिलं तापली. कोणते लोक ते तिला बराबर कळलं होतं, अन् हसणाऱ्यांनाही.

तिनं कल्याणलाच विचारलं, “तुझे घोडे कुठं होते?”

तो स्क्रीनकडंच बघत राहिला. “ध्यानात न्हाई.”

उठून गेली असती तर पळाली म्हणाले असते. म्हणून ती शेवटपर्यंत खेळली. घोडदळ पुलावरून आलं, तिरंदाज मागून कापले गेले, गड पडला.

दुसऱ्या नंबराच्या बक्षिसाला नाव पुकारलं, तेव्हा ती वर गेली. ढालीला हात न लावता तिनं माईक घेतला. “घोडे पाण्यात होते. इथल्या सगळ्यांनी बघितलंय.” एवढंच बोलून ती खाली उतरली ती थेट बाहेर.

स्टँडवर कल्याण तिला गाठायला धावत आला. हातात कप होता. साहेबराव आमच्या वडलांचे दोस्त, त्यांच्यासमोर तोंड उघडलं नाही, असं कायबाय सांगत राहिला. शेवटी कप पुढं करून म्हणाला, “घोडे पाण्यातच होते, मॅडम. हे तुमचंय.”

“मला इथं चोरून देऊन राह्यला?” ती म्हणाली. “जिथं न्हाई म्हणलास, तिथं जाऊन सांग.”

तिची गाडी लागली. तो कप घेऊन तसाच उभा राहिला.

संध्याकाळी खेळाडूंच्या ग्रुपवर कल्याणनं सगळं कबूल केलं. साहेबरावांनी खाली लिहिलं, निकाल बदलणार नाही. सामना पुन्हा झाला नाही तो नाहीच.

पण कल्याणच्या मेसेजखाली अंगठे पडू लागले. हॉलमध्ये तिच्या मागं बसलेल्यांचे, खसखस पिकवणाऱ्यांचेसुद्धा. कुणी लिहिलं, आम्हाला तेव्हाच कळलं होतं. साहेबरावांचा तिला राग आला होता, पण हे वाचून तिचा जीव जळाला. तिनं लिहिलं, “कळलं होतं, तर तोंडं कुठं होती?”

त्यावर मात्र एकही अंगठा आला नाही.