चार सळ्यांवरचा टब

सासूबाईंच्या नवऱ्याने अंथरूण धरलं आणि त्याच आठवड्यात अकरा वर्षांचं कपडे धुण्याचं मशीनही रुसलं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. चादर पिळायची वेळ आली की टब धडधडायचा आणि मशीन गप्प बसायचं. सासूबाईंच्या मनगटात पिळण्याचा जोर उरला नव्हता, आणि मुलाने सांगून टाकलं होतं, "आई, मशीन गेलं तर बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवू. तू किती मरशील?" बोलला मायेनेच, पण सासूबाईंना ते नको होतं.

सुनेने मेकॅनिक बोलावला. त्याने वरचं झाकण काढलं आणि बघतच राहिला.

"बघा आजी, एवढा टब चार सळ्यांवर लोंबकळतोय, कुठे टेकलेला नाही. खाली मोटर थेट जोडलेली, मध्ये पट्टासुद्धा नाही. मोडायला यात ठेवलंयच काय? रोज जशी धुता, तशी चादर टाका."

त्यांनी पाण्यात खळबळून घेतलेली जाड चादर टाकली. टब फिरला, आपटला, थांबला. मग मशीनने आपणहून पाणी घेतलं, चादर हलवून सैल केली आणि पुन्हा फिरून पाहिलं. असं तीनदा. शेवटी शिट्टी वाजवून ते थांबलं. सासूबाई थक्क झाल्या. आठवडाभर त्यांनी या मुक्या जिवाला शिव्या घातल्या होत्या, आणि ते बिचारं प्रयत्नांची शिकस्त करत होतं.

"बिघडलेलं नाही," मेकॅनिक म्हणाला. "एकटी चादर भिजून एका अंगाला बसते. तसंच फिरलं तर मोडेल, म्हणून थांबतं. सोबत बाकीचे कपडे टाका."

"यांच्या चादरी मी वेगळ्याच धुते," सासूबाई खाली बघत म्हणाल्या. "सुनेच्या कपड्यांत कशा घालायच्या?"

सून आत गेली. ऑफिसचे कपडे घेऊन आली आणि चादरीच्या दुसऱ्या अंगाला टबात टाकले.

"मला विचारायचं तरी, आई," ती म्हणाली.

मशीन फिरू लागलं. सासूबाईंनी झाकणावर हात ठेवला. आत एवढा वेग, आणि तळव्याला जेमतेम थरथर जाणवत होती. अकरा वर्षांत त्यांनी असा हात कधी ठेवलाच नव्हता.

आतल्या खोलीतून नवऱ्याचा बारीक आवाज आला.

"थांबलं का गं?"

म्हणजे रोज तेही कान देऊन ऐकत होते.

"नाही हो," सासूबाई म्हणाल्या, "फिरतंय."