सांगायची खोली

विद्यापीठातल्या आश्लेषाच्या विभागाच्या तळघरात एक खोटी खोली उभारलेली होती. प्लायवूडच्या भिंती, एका भिंतीवर खिडकीच्या आकाराचा दिवा, एक सोफा, तऱ्हेतऱ्हेच्या खुर्च्या आणि चाकांवरचं टेबल. हॉस्पिटलात डॉक्टर नातेवाइकांना बाजूला नेऊन जिथे वाईट बातमी देतात, तसल्या खोलीचा हा नमुना. ती खोली कशी असावी, खुर्च्या कशा मांडाव्यात, उजेड किती ठेवावा, म्हणजे माणसाला तो प्रसंग सोसणं जरा तरी सोपं जाईल, हा तिच्या संशोधनाचा विषय. त्याचं इंग्रजी नाव चांगलं दोन ओळींचं होतं. परदेशातून नागपूरला आईशी फोनवर बोलताना ती नुसतं ‘सांगायची खोली’ म्हणायची.

पीएच.डी.नंतरच्या या पोस्टडॉक संशोधनाचं तिसरं वर्ष चालू होतं. ज्यांना कधी ना कधी अशी बातमी मिळाली आहे अशी माणसं शोधायची, त्यांना या खोलीत बसवायचं, सामान हवं तसं हलवू द्यायचं आणि विचारायचं, त्या दिवसाचं काय काय आठवतं? सुरुवातीला प्रत्येक मुलाखतीनंतर तिला रडू यायचं. आता येत नसे. संध्याकाळी मान तेवढी धरायची, आणि बेलव्ह्यूहून नवऱ्याचा, यतीनचा फोन आला की ती दोन वाक्यांत ठेवून द्यायची. नवरा-बायकोच्या नोकऱ्यांमध्ये अर्धा देश पसरलेला. “या समरपर्यंत रॅप अप होईल ना?” असं तो विचारायचा. मागच्या समरच्या आधीही त्याने हेच विचारलं होतं.

फेब्रुवारीत मनोहरकाका आले. जवळच्याच शॉमबर्गला राहणारे, मूळचे मिरजेचे. सर्जन म्हणून एकाच हॉस्पिटलात उभी हयात काढून रिटायर झालेले. महाराष्ट्र मंडळाच्या ईमेलमधून त्यांना या अभ्यासाबद्दल कळलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको, अहिल्याकाकू, त्याच हॉस्पिटलात वारली. अशा खोलीत बातम्या दिलेला आणि पुढे स्वतः ऐकलेला माणूस, म्हणून आश्लेषाच्या प्रोफेसर डायना फार खूश होत्या. “हा एकटा माणूस आपला पेपर तारून नेईल,” असं त्या म्हणाल्या होत्या.

काका आत आले, लोकरीची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि चहूकडे नजर फिरवली.

“छान केलीय,” ते म्हणाले.

“काका, तुम्हाला जिथे काकूंबद्दल सांगितलं ती खोली आठवा. तशी मांडणी करून बघा. घाई नाही.”

त्यांनी टेबल थोडं सरकवलं. मग पुन्हा होतं तिथे आणून ठेवलं.

“नाही गं आठवत.”

“खिडकी होती का? तुम्ही कुठल्या खुर्चीत होता?”

“त्या खोलीत मी स्वतः कितीतरी लोकांना बसवलंय. म्हणजे तिथे काय काय होतं ते मी तुला डोळे मिटून सांगेन. पण त्या दिवशी मी कुठे होतो, बसलो होतो की उभाच होतो, काही नाही. माझाच ज्युनियर समोर होता. त्याचा टाय आठवतो. निळा होता.”

आश्लेषाने ठरलेले सगळे प्रश्न विचारून पाहिले. काका सभ्यपणे उत्तरं देत राहिले आणि एकाही उत्तरात काही नव्हतं. शेवटी तिने रेकॉर्डर बंद केला. वाईट वाटण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

“तुझ्या कामाचं काही मिळालं नाही,” काका टोपी घालत म्हणाले.

“असं काही नाही काका. चला, मी पार्किंगपर्यंत येते.”

पार्किंगची इमारत बहुमजली होती. तिसऱ्या मजल्यावर लावलीय, असं काका म्हणाले. तिसऱ्यावर त्यांनी किल्लीचं बटण दाबलं. कुठलीच गाडी वाजली नाही. दोघं चौथ्यावर चढले. उघड्या बाजूंनी वारा आत घुसत होता.

“तू जा बाळ, थंडी आहे. मी शोधतो.”

“राहू दे काका. मलाही घरी जायची घाई नाही.”

चढ संपल्यावर काका खांबाला हात टेकून थांबले. दम लागला असेल असं तिला वाटलं. मग ते आपणहूनच बोलू लागले.

“त्या दिवशी पण असंच झालं होतं. इतकी वर्षं मी डॉक्टरांच्या लॉटमध्ये गाडी लावायचो. दारातून दहा पावलं. तेव्हा मी पेशंटचा नवरा, म्हणून गाडी व्हिजिटर्सच्या गराजमध्ये, अशाच बहुमजली पार्किंगमध्ये. सर्जरीत पोट उघडून बघितलं आणि काही करण्यासारखं नाही म्हणून तसंच बंद केलं, हे त्या ज्युनियरने मला सांगितलं. अहिल्या वर रिकव्हरीत होती. तिला थंडी वाजत होती, शाल गाडीत राहिली होती. म्हटलं, घेऊन येतो. त्या हॉस्पिटलचा कोपरान् कोपरा मला माहीत, आणि गाडी काही सापडेना. खाली गेलो, वर आलो. प्रत्येक गाडी माझीच वाटायची. शेवटी तसाच परत गेलो.”

“मग?”

“तिने विचारलं, शाल आणली? मी म्हटलं, विसरलो. तिने माझ्याकडे नुसतं बघितलं. मी कधी काही विसरत नसे. तिला तेवढ्यावरूनच कळलं. मी नीट बसून, हात हातात घेऊन सांगणार होतो. ते राहूनच गेलं.”

आश्लेषा त्यांच्या शेजारी उभी राहिली. जरा दम खाऊन दोघं खाली उतरले.

गाडी शेवटी दुसऱ्या मजल्यावर सापडली, एका मोठ्या पिकअपच्या आड. काका आत बसले, काच खाली केली.

“हे मी लिहू का काका? तुमचं नाव येणार नाही.”

“लिही की. तिचंही नको.”

त्या आठवड्यात तिने जुन्या मुलाखती पुन्हा उघडल्या. प्रत्येकीच्या शेवटी ‘आणखी काही सांगायचंय?’ असा प्रश्न होता, आणि त्याची उत्तरं तिने ‘इतर’ या खान्यात टाकून दिली होती. एक बाई दुसऱ्याच कुणाच्या गाडीचं दार ओढत राहिली होती. एकाला बाहेर पडायच्या फाटकापाशी कार्ड कुठे घालायचं ते समजेना, आणि मागचे हॉर्न मारत होते. एक मुलगी वडिलांचे कपडे भरलेली पिशवी मांडीवर घेऊन गाडी सुरू न करता अंधार पडेपर्यंत बसली होती. खोलीबद्दल लोक अंदाजाने बोलत होते. गराजबद्दल बोलताना थांबत नव्हते. सगळं तिच्या समोर होतं. आपण दमलेलो होतो म्हणून दिसलं नाही की मुळात बघायचंच नव्हतं, हे तिला ठरवता येईना. सगळं वर्गीकरण पुन्हा करावं लागणार हे कळलं तेव्हा तिने लॅपटॉप मिटला, दोन्ही हात डोळ्यांवर दाबले आणि मग परत उघडला.

डायनांनी सगळं शांतपणे वाचलं.

“महत्त्वाचं आहे हे,” त्या म्हणाल्या. “पण आपल्याला पैसे खोलीसाठी मिळालेत, आश्लेषा. पैसे देणारी फर्निचर कंपनी आहे. त्यांना गराजचं काय करायचं?”

“लोकांना खोली आठवतच नाही.”

“मग लिही तसं. शेवटी. अभ्यासाच्या मर्यादा सांगतो, त्या भागात.”

ती वाद घालू शकली असती. एखाद्या वर्षापूर्वी तिने घातलाही असता. आता तिने होकारार्थी मान हलवली. अभ्यासात सहभागी असलेल्या हॉस्पिटलच्या बैठकीत मात्र तिने विषय काढलाच, की बातमी दिल्यावर नातेवाइकांबरोबर गाडीपर्यंत कुणीतरी जावं. पार्किंग दुसऱ्या विभागाकडे येतं, असं उत्तर मिळालं. एका नर्सने ते लिहून घेतलं. पुढे काही झालं की नाही, हे आश्लेषाला कधी कळलं नाही.

पेपर सप्टेंबरात छापून आला. खुर्च्या, उजेड, दाराची दिशा, आणि शेवटी गराजवर एक परिच्छेद. तिची पोस्टडॉकची मुदतही त्याच महिन्यात संपत होती. बेलव्ह्यूला जायचं तिकीट काढून झालं होतं. सामान बांधता बांधता तिने काकांना फोन लावला.

“एकच परिच्छेद आला काका. मी जास्त करू शकले नाही.”

“वाच बघू.”

तिने वाचला.

“शाल नाही त्यात,” काका म्हणाले.

“नाही. तिथे ‘रुग्णाची एक वस्तू’ असं लिहावं लागलं.”

“बरं केलंस. शाल आपल्यातच राहू दे.” मग त्यांनी विचारलं, “नवऱ्याकडे चाललीस ना? आता काही दिवस काही करू नकोस. नुसती झोप.”

“हो काका,” ती म्हणाली, आणि बांधलेल्या खोक्यांमध्ये जमिनीवरच बसली. फोन ठेवायला दोघांनाही थोडा वेळ लागला.