हळदीला दिलेली गाडी

माझ्या पोरानं, राजवर्धननं इलेक्ट्रिक गाडी घेतली ती आईसाठी. राहीबाईची फुफ्फुसं निकामी झाली होती. ऑक्सिजनच्या मशीनशिवाय माझ्या बायकोला धड जेवताही येत नव्हतं, आणि आमच्या रहिमतपूरकडच्या गावात वीज कधी जाईल सांगता येत नाही. या गाडीच्या बॅटरीवर घरातलं मशीन चालतं. चार्जिंगच्या तोंडाला एक सॉकेट जोडायचा आणि त्यात पिन खोचायची. पोरगा स्वतः एसटीनं साताऱ्याला कामाला जायचा आणि गाडी चार्ज करून दारात ठेवायचा.

माझा चुलत भाऊ नानासो. त्याच्या पोरीच्या, साक्षीच्या हळदीला डीजेवाल्याचा जनरेटर बंद पडला, तसा तो पळत आमच्याकडं आला.

"आण्णा, गाडी द्या. पोरं नुसती बसून हायत."

"ती गाडी कशाला घेतलीया, ठावं हाय न्हवं?"

"आवं, तुमच्यात लाईट हाय की आत्ता. तासाभरात आणून लावतो. वैनी, तुमीच सांगा आता."

राहीबाई नाकात नळी घालून पलंगावर बसली होती. ती म्हणाली, "द्या त्यास्नी. हळद काय रोज असती व्हय? उगं भावकीत तोंडं वाकडी."

बॅटरी फार खाली जाऊ नये म्हणून गाडीत बंदोबस्त असतो. गाणं मधेच थांबलं तेव्हा नानासोच्या शंभूराजनं तो बंदोबस्त काढून टाकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, असं मला नंतर एकानं कौतुकानं सांगितलं.

सकाळी गाडी दारात आली. बॉनेटवर हळदीचे हात, आत गुटख्याचा वास, बॅटरी रिकामी. राजवर्धननं ती चार्जिंगला लावली. घरातलं एक माणूस लग्नाला पाहिजे म्हणून तो वऱ्हाडाबरोबर सांगलीला गेला. गावातल्या सगळ्या गाड्याही गेल्या. वऱ्हाड वेशीबाहेर पडतंय तोवर डीपी जळाला आणि गावातली वीज गेली.

मी मशीनची पिन गाडीला लावली. बॅटरी अजून भरलीच नव्हती. लाल दिवा लागला. वीज काही येईना.

घरातला ऑक्सिजनचा लहान सिलिंडर संपेपर्यंत मी फोन करत होतो. नानासोनं उचलला नाही. राजवर्धननं उचलला, पण मागं बँड वाजत होता. "आण्णा, काय ऐकू येईना, नंतर करतो," म्हणाला आणि ठेवला. राहीबाईनं माझी बाही धरली होती. बोलायला श्वास नव्हता. अँब्युलन्स आली तेव्हा बाही अजून तिच्या मुठीतच होती.

आमच्याकडं रक्षाविसर्जनाला नदीकाठी भाषणं होतात. माणूस कसाही असो, माईक लागतो. तिथं वीज नव्हती. नानासोनं मला न विचारता स्पीकरची वायर आमच्या गाडीला जोडली. सोसायटीचे चेअरमन तात्याबा उभे राहिले. "राहीवैनींनी भावकीला कधी न्हाई म्हटलं न्हाई," ते म्हणाले. माणसांनी माना हलवल्या.

मी उठलो आणि पिन उपसली. तात्याबांचे ओठ हलत राहिले.

नानासो धावत आला. "आण्णा, पिन निघाली जणू."

"निघाली न्हाई. काढली."

"आवं, माणसं बसल्यात. दोन मिंटांचं तर काम हाय."

"मोठ्यानं बोला म्हणावं त्यास्नी. ती बी बिनालाईटीचीच गेली."

तो वायर हातात धरून उभा राहिला. मी राजवर्धनला गाडी काढायला सांगितली. मागं तात्याबा ओरडून बोलायला लागले होते.

मशीन भाड्याचं होतं, ते दुकानदार आदल्या दिवशीच घेऊन गेला होता. तरी दारात आल्यावर राजवर्धननं गाडी चार्जिंगला लावली.